कुठले पाटोदा?

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

मी पाटोद्याचा. बीड जिल्ह्याच्या बाहेर कुठेही एवढे सांगितले की समोरचा माणूस विचारतो, “कुठले पाटोदा?” हा प्रश्न मी आयुष्यभर ऐकत आलो आहे. काही वर्षांपूर्वी संभाजीनगरच्या एका कविसंमेलनाच्या संयोजकांचा सकाळी दहा वाजता फोन आला. म्हणाले, “साडेदहाला कार्यक्रम सुरू होतोय. तुम्ही काय, पाटोद्याचेच. रिक्षा केली तरी वेळेवर पोचाल.” मी म्हटले, “साहेब, रिक्षाने निघालो तर संध्याकाळच्या आभारप्रदर्शनाला पोचेन.” त्यांच्या मनात होते ते शहराजवळचे पाटोदा, आदर्श गाव म्हणून महाराष्ट्रभर गाजलेले. माझे पाटोदा बालाघाटच्या डोंगरात, बीडच्याही पलीकडे, एस.टी.ने चार तासांवर. नाशिक जिल्ह्यात येवला तालुक्यात आणखी एक पाटोदा आहे. तिन्ही खरी आहेत. तिघांपैकी कुणीही आपले नाव दुसऱ्याकडून चोरलेले नाही.

आज मला बोलायचे आहे ते संगणकाविषयी. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. मला त्यातले काय कळणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत होते. पण माझी मुलगी पुण्यात एका कंपनीत संगणकाचे प्रोग्राम लिहिते. रमजान ईदला ती घरी आली होती. शिरखुर्मा झाला, पाहुणे गेले, आणि ही लॅपटॉप उघडून कपाळाला हात लावून बसली. मी विचारले, “काय झाले?” म्हणाली, “अब्बा, दोघांनी एकच नाव ठेवले. माझ्या कामात ‘नोंद’ आहे आणि दुसऱ्या गटाच्या कामातही ‘नोंद’ आहे. यंत्र माझी समजून त्यांची उचलते.” मी म्हटले, “मग तुझे नाव बदल.” ती म्हणाली, “नाव कशाला बदलू? नाव बरोबर आहे. त्याला घर द्यायचे राहिले आहे.”

त्या घराला त्यांच्या शास्त्रात ‘नेमस्पेस’ म्हणतात. मी त्याला ‘नावांचे शिवार’ म्हणतो. आपल्याकडे प्रत्येक गावाला शीव असते, आणि शिवेच्या आतले ते त्या गावचे शिवार. नावांचेही तसेच आहे. एक नाव एका शिवारात एकाचेच असावे लागते. शीव ओलांडली की तेच नाव दुसऱ्याचे असायला काही हरकत नसते. विषयाचे सार एवढेच. पण ते नीट समजून घेतले नाही तर काय होते, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिले आहे. ते शेवटी सांगेन.

आधी यंत्राला नावे कशाला लागतात ते पाहू. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक गोष्ट एका क्रमांकाच्या जागी ठेवलेली असते. यंत्राला तो क्रमांक पुरतो. माणसाला मात्र असे हजारो क्रमांक ध्यानात राहत नाहीत. म्हणून प्रोग्राम लिहिणारा त्या जागांना नावे देतो. कुठे ‘व्याज’, कुठे ‘तारीख’, कुठे ‘एकूण’. या नावांना आयडेंटिफायर म्हणतात. आपण ओळखनाव म्हणू. प्रोग्राम वीस ओळींचा असला तर अडचण नसते. घरात एकच रशीद असला तर ‘रशीद’ अशी हाक पुरते. पण रेल्वेचे आरक्षण किंवा बँकेचा कारभार चालवणारा प्रोग्राम लाखो ओळींचा असतो. तो शेकडो माणसांनी अनेक वर्षे लिहिलेला असतो, आणि त्यांतली बरीच माणसे एकमेकांना कधी भेटलेलीही नसतात. त्यात ‘तारीख’ म्हणजे तिकीट काढल्याची, प्रवासाची, की प्रवाशाच्या जन्माची? प्रत्येकाने आपापल्या जागी ‘तारीख’ असेच लिहिलेले असते, आणि आपापल्या जागी प्रत्येकाचे बरोबरच असते.

या गोंधळावर पहिला उपाय सापडला तो आपल्या पूर्वजांनी गावांसाठी केलेलाच. नावाला शेपूट जोडायचे. पाटोद्याच्या शेजारच्या तालुक्याचे नाव शिरूर. पण पुणे जिल्ह्यातही शिरूर तालुका आहे आणि लातूर जिल्ह्यातही. म्हणून आमचे ते शिरूर कासार, लातूरचे शिरूर अनंतपाळ. आष्टी तालुका बीडमध्ये आहे, तसा वर्ध्यातही आहे. १९४२च्या आंदोलनातील हुतात्म्यांमुळे तिकडच्या आष्टीला आष्टी शहीद म्हणतात. कारंजा दोन, म्हणून एक कारंजा लाड आणि दुसरे कारंजा घाडगे. एकाच नावाची दोन गावे शेजारी असली तर एक बुद्रुक, एक खुर्द. नगरहून आष्टीपर्यंत २०२२ साली रेल्वे आली, तेव्हा स्थानकाचे नाव ‘न्यू आष्टी’ पडले. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाताना आष्टी नावाचे स्थानक आधीच लागते. गाव जुनेच, पण रेल्वेच्या यादीत ते नवे झाले.

१९७२च्या सुमारास अमेरिकेत डेनिस रिची यांनी ‘सी’ नावाची संगणकाची भाषा तयार केली. ती अजून जगभर चालते. या भाषेत, प्रोग्रामच्या सगळ्या भागांत वापरायच्या कामांची नावे एकाच मोठ्या मैदानात उभी असतात. त्यामुळे तिथले लोक शेपटांऐवजी डोकी जोडतात. नुसते ‘नोंद’ न लिहिता ‘तिकीट_नोंद’, ‘पगार_नोंद’ असे लिहितात. हा उपाय चालतो, पण नावे लांबत जातात. तिकिटाच्या विभागात दिवसभर काम करणाऱ्यालाही प्रत्येक वेळी ‘तिकीट_’ लिहावे लागते. घरातल्या घरात मुलाला हाक मारताना ‘मौजे अमुक, तालुका पाटोदा, जिल्हा बीड येथील रशीद, जेवायला ये’ असे म्हणण्यासारखेच ते.

मग शिवाराची कल्पना आली. ती समजण्यासाठी शेतकऱ्याने सातबारा डोळ्यांपुढे आणावा. समजा, तुमच्या शेताचा गट नंबर ४५ आहे. महाराष्ट्रात ४५ नंबरचे गट किती असतील? गाव जरा मोठे असले की तिथे ४५ नंबर असणारच. तरी तुमची जमीन दुसऱ्याच्या नावावर जात नाही, कारण सातबाऱ्यावर गाव, तालुका आणि जिल्हा लिहिलेला असतो. गावात तलाठ्यापुढे बसून बोलताना तुम्ही नुसते ‘पंचेचाळीस’ म्हणता. बीडच्या कचेरीत गेलात की गाव सांगता. मुंबईला गेलात की जिल्ह्यापासून सुरुवात करता. आतल्या माणसाला छोटे नाव पुरते, बाहेरच्याला पूर्ण नाव द्यावे लागते, आणि दोन्हींचा अर्थ एकच जमीन. नेमस्पेसचे काम असेच चालते. ‘सी’ या भाषेतून पुढे ‘सी प्लस प्लस’ ही भाषा निघाली. १९९८ साली तिचे प्रमाण रूप ठरले, तेव्हा त्यात नेमस्पेसला स्थान मिळाले. तिथे शिवाराचे नाव आणि वस्तूचे नाव यांच्यामध्ये दोनदा विसर्गासारखे चिन्ह टाकतात. इतर बऱ्याच भाषांत एक टिंब पुरते.

मुलीने मला हे प्रत्यक्ष करून दाखवले. पायथॉन नावाची एक भाषा आहे. २००८ साली आलेल्या तिच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ओळखनावे देवनागरीतही ठेवता येतात. तिने प्रत्येक जिल्ह्यासाठी एक वेगळी फाईल केली आणि प्रत्येकीत ‘पाटोदा’ असे एक नाव ठेवले. मग मुख्य प्रोग्राममध्ये लिहिले ‘बीड.पाटोदा’, खाली लिहिले ‘नाशिक.पाटोदा’. यंत्राने दोघांना वेगवेगळे उत्तर दिले. ज्या प्रश्नाने मला आयुष्यभर पिडले त्याचे उत्तर एका टिंबात होते. याच भाषेच्या मर्मावर टिम पीटर्स या प्रोग्रामरने १९९९ साली छोटी छोटी १९ सूत्रे लिहिली, आणि त्यांतले शेवटचे सूत्र नेमस्पेसच्या स्तुतीचे आहे. शेवटी काय ठेवायचे हे कवीला कळते. त्या माणसालाही कळलेले दिसते.

आता शिवारांचे दोन-तीन नियम सांगतो. ते आपण घरात रोज पाळतो, फक्त त्यांना नाव दिलेले नसते.

पहिला नियम शोधण्याच्या क्रमाचा. यंत्रासमोर नुसते नाव आले की ते आधी अगदी आतल्या खोलीत शोधते. तिथे नसेल तर ओसरीवर, मग अंगणात, मग गावात. जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबते. आमच्या घरात मुलांनी ‘चाचा’ म्हटले की माझा धाकटा भाऊ ‘ओ’ देतो. बाजारात कुणी ‘चाचा’ म्हटले की मी वळून पाहतो, कारण गावासाठी चाचा मी आहे. घरातला चाचा बाजारातल्या चाचाला झाकून टाकतो. यात कुणाची चूक नाही, पण माहीत नसेल तर निरोप भलत्यालाच जातो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या कित्येक रात्री या झाकलेल्या नावांपायी जातात, असे मुलगी सांगते.

दुसरा नियम असा, की परक्या शिवारातली सगळी नावे एकदम आपल्या घरात आणू नयेत. तशी सोय जवळजवळ प्रत्येक भाषेत आहे, आणि शहाणी माणसे ती टाळतात. लग्नाचे घर आठवा. चारही बाजूंचे नातेवाईक एका मांडवात येतात आणि कुणीतरी ‘मुन्ना’ अशी हाक मारते. सात मुन्ना उठून उभे राहतात. प्रत्येक मुन्ना आपल्या घरी एकटाच होता. त्यापेक्षा हवे ते नाव तेवढेच आणावे, आणि आपल्याकडे त्याच नावाचे कुणी असेल तर पाहुण्याला इथल्यापुरते दुसरे नाव द्यावे. तशीही सोय असते. बार्शीला जन्मलेल्या मेहबूब हुसेन पटेल यांना महाराष्ट्र शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. माणूस तोच, पण शाहिरीच्या शिवारात नाव निराळे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. कुठले नाव कुणी ठेवायचे, हा अधिकार कुणाचा? इंटरनेटच्या आरंभीच्या काळात जोडलेल्या सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत असत. ती यादी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत ठेवलेली असे. नवे यंत्र आले की त्याचे नाव तिथे कळवायचे. तेच नाव आधी कुणी घेतलेले असले की दुसरे शोधायचे. यंत्रे वाढली तशी यादी आवरेना. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी रचना मांडली. तिच्यात सगळ्या जगाची एक यादी उरली नाही. ज्याचे शिवार, तो आतली नावे ठेवणार. भारताला ‘इन’ मिळाले. त्याच्या आत सरकारसाठी ‘गव्ह’, आणि त्याच्या आत ‘महाराष्ट्र’. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता म्हणूनच ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा असतो. तो उजवीकडून डावीकडे, उर्दूसारखा वाचला की अर्थ लागतो. महाराष्ट्राने आपल्या आत आणखी काय नावे ठेवावीत हे कॅलिफोर्नियाला विचारावे लागत नाही. १९९५ साली आलेल्या जावा भाषेने हेच पत्ते उलटे करून, म्हणजे मराठीसारखे डावीकडून लिहून, आपल्या शिवारांना दिले. त्यामुळे जगात कुठेही बसलेल्या दोन माणसांची नावे सहसा एकमेकांना धडकत नाहीत.

असे शिवार नसले, सगळे जग एकाच मैदानात उभे राहिले आणि ‘जो आधी येईल त्याचे नाव’ असा कायदा असला की काय होते, तेही २०१६च्या मार्च महिन्यात दिसले. जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेले तयार तुकडे वाटणारे एक मोठे सार्वजनिक भांडार आहे, एनपीएम नावाचे. तिथे एका प्रोग्रामरच्या तुकड्याचे नाव होते ‘किक’. त्याच नावाची एक कंपनीही होती, आणि तिला ते नाव हवे होते. भांडाराने नाव कंपनीला दिले. तो प्रोग्रामर रागावला आणि त्याने आपले तिथले सगळे तुकडे काढून घेतले. त्यांत ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा एक तुकडा होता. एखाद्या शब्दाच्या डावीकडे ठरावीक मोकळ्या जागा भरायच्या, एवढेच त्याचे काम. पण असंख्य प्रोग्राम त्याच्यावर टेकून उभे होते. काही तास जगभरातल्या नामांकित कंपन्यांची कामे अडली, आणि शेवटी भांडाराला तो तुकडा परत जागेवर ठेवावा लागला. लेखकाचे नाव आधी लावून आपापले शिवार करण्याची सोय त्या भांडारात होती. सक्ती नव्हती, एवढेच.

आपल्या साहित्यातही असा गोंधळ झालेला आहे. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवी आपले नाव घालतो. गझलेत शायर आपला तखल्लुस घालतो, तसेच. संत नामदेव तेराव्या-चौदाव्या शतकातले. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा होऊन गेले. त्यांनी महाभारत मराठीत आणले. अभंगाच्या शेवटी नुसते ‘नामा’ आले तर तो कोणता नामा? गाथेत एकाची रचना दुसऱ्याच्या नावावर गेली, आणि कुठली कुणाची हे निवडताना अभ्यासकांची आयुष्ये गेली. याउलट ‘योगसंग्राम’ लिहिणारे शेख महंमद घ्या. त्या नावाची माणसे आमच्या एका तालुक्यात आजही मोजता येणार नाहीत. पण मराठी कवितेत ‘श्रीगोंद्याचे शेख महंमद’ म्हटले की एकच मूर्ती उभी राहते. श्रीगोंद्याने त्यांचे नाव जपले आहे. मासिकात कविता छापून आली की मीही नावाखाली गावाचे नाव घालायला सांगतो. एका संपादकांनी माझ्याच नावाच्या दुसऱ्या कवीच्या कवितेबद्दल मला शाबासकीचे पत्र पाठवले होते, तेव्हापासूनची ही सवय. कविता चांगली होती, म्हणून ते पत्र परत पाठवायला मला दोन दिवस लागले.

शिवारांविषयी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकच वस्तू वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळ्या शिवारांत असू शकते. आमचे पाटोदा महसुलासाठी बीड जिल्ह्यात आहे. विधानसभेसाठी आष्टी मतदारसंघात. टपालासाठी मात्र तिसरीकडेच. बीड शहराचा पिन कोड ४३११२२, आणि पाटोद्याचा ४१४२०४. पिनचे पहिले तीन आकडे टपाल कुठल्या जिल्ह्याच्या वाटेने वळवायचे ते सांगतात, आणि ४१४ ही अहिल्यानगरची वाट. शेवटचे तीन आकडे टपाल कचेरीचे. आपल्या देशात गावांची नावे सारखी, लिप्या अनेक, पत्ते अर्धवट. त्यातून वाट काढण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी ही सहा आकड्यांची पद्धत सुरू झाली. ती बसवणारे अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले आणि संस्कृतचे नाणावलेले कवी. हे वाचले तेव्हा मला फार बरे वाटले. नावाला घर देण्याचे काम एका कवीच्या हातून झाले होते.

आता माझ्या आईची गोष्ट.

मराठवाड्यात आम्हां मुसलमानांची आडनावे थोडी. शेख, सय्यद, पठाण, पटेल आणि अशीच आणखी काही. त्यातही शेख उदंड. हिंदू बांधवांत आणि कोकणच्या मुसलमानांत ‘कर’ लावलेली आडनावे असतात. माणसाचे मूळ गाव नावातच बसलेले असते. आमच्या नावात गाव नसते. आईचे आडनाव शेख, आणि तिचे पहिले नाव आमच्याच गल्लीत चौघींना होते. वडील गेल्यावर तिला निराधारांचे अनुदान मिळू लागले. रक्कम मोठी नव्हती, पण तिच्या औषधाचे पैसे तिच्या हाताने देता येत होते, आणि त्याचा तिला अभिमान होता. एका वर्षी ते अचानक थांबले. महिनाभर वाट पाहिली, मग मी चौकशीला गेलो. तिथल्या बाबूंनी यादी काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “चाचा, या बाई मयत आहेत.”

झाले होते असे. त्याच नावाची दुसरी एक म्हातारी वारली होती. तिचे नाव यादीतून कमी करायचे होते. यादीत शेख आणि पहिले नाव, एवढेच होते. पतीच्या नावाचा रकाना काहींच्या पुढे भरलेला, काहींच्या पुढे कोरा. कुणीतरी पहिली सापडलेली ओळ कापली. ती माझ्या आईची होती. यंत्राचा क्रम तुम्हाला आठवत असेल, जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबायचे. माणसानेही तेच केले.

हयातीचा दाखला काढण्यासाठी मी आईला घेऊन गेलो. ती भिंतीला धरून पायऱ्या चढली. साहेब भले होते, त्यांनी खुर्ची दिली आणि विचारले, “आजी, नाव काय तुमचे?” आईने नुसते नाव सांगितले नाही. ती म्हणाली, अमक्याची लेक, अमक्याची बेवा, मशिदीमागच्या गल्लीत विहिरीजवळचे घर, दाराशी लिंबाचे झाड. सासरे, माहेर, दोन्ही गावे, सगळे एका दमात सांगितले. साहेब हसले. मीही तेव्हा थोडा ओशाळलो; म्हटले, एवढे कशाला सांगते. आज कळते, की त्या खोलीत पूर्ण नाव सांगणारी ती एकटीच होती. यादीपाशी जे नव्हते, ते निरक्षर आईपाशी होते. अनुदान पुन्हा सुरू व्हायला सात महिने लागले. थांबलेली रक्कम शेवटपर्यंत मिळाली नाही.

मुलीला मी हे सांगितले तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अब्बा, आमच्याकडे असे झाले तर यंत्र बंद पडते आणि चूक लक्षात येते. इथे बंद पडले ते दादीचे औषध.”

आता आधार क्रमांक आला. बारा आकडे, आणि ते एकाच माणसाचे. हा शिवाराहून निराळा उपाय आहे. शिवार न सांगता साऱ्या देशात एकच ठरेल असा क्रमांक द्यायचा. संगणकातही हे दोन्ही उपाय शेजारी शेजारी नांदतात. क्रमांकाचे गुण मोठे आहेत, पण तो ज्या नावाशी जोडायचा ते नाव नीट लिहिलेले नसेल तर क्रमांकही अडतो. आमच्याकडे हे रोज घडते. समजा, एखाद्याचे नाव शाळेच्या दाखल्यावर ‘शेख रशीद करीम’ आहे आणि बँकेत ‘रशीद करीम शेख’. शेजाऱ्याला तो एकच माणूस दिसतो. यंत्र अक्षराशी अक्षर जुळवते, त्याला दोघे दिसतात. मग पीकविमा अडतो, शिष्यवृत्ती अडते.

म्हणून श्रोत्यांना आणि वाचकांना माझी विनंती आहे. अर्ज भरताना नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव यांचा क्रम सगळ्या कागदांवर एकच ठेवा. गाव, तालुका, जिल्हा यांपैकी एकही रकाना ‘त्यांना माहीत आहे’ म्हणून सोडू नका. समोरच्या माणसाला माहीत असेल, त्याच्या जागी उद्या येणाऱ्याला नसेल. घरातल्या म्हाताऱ्यांचे कागद एकदा शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहा. आणि ज्यांच्या हातात याद्या करण्याचे काम आहे त्यांना सांगायचे आहे, की एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या तर कापण्याआधी थांबा आणि घर विचारा.

आई जाऊन आता बरीच वर्षे झाली. पाटोद्याच्या कब्रस्तानात तिच्या कबरीवर पाटी नाही; बऱ्याच कबरींवर नसते. तिच्या नावाच्या आणखी दोघी तिथेच आहेत. शुक्रवारी गेलो की पाय आपोआप योग्य जागी थांबतात. मुलीलाही मी ती जागा दाखवून ठेवली आहे, दरवाजातून आत गेल्यावर उजवीकडे तिसरी रांग, कुंपणाकडून दुसरी.

परवा पुण्याला जाताना गाडीत शेजारच्या गृहस्थांनी गाव विचारले. मी म्हटले, पाटोदा. त्यांनी विचारले, “कुठले पाटोदा?” पूर्वी या प्रश्नाची मला चीड यायची. या वेळी मी त्यांना तालुका, जिल्हा, सौताड्याचा धबधबा, सगळे सविस्तर सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “बरे झाले विचारले. मी येवल्याचे समजलो होतो.”